आखाजीच्या पानावरचा फेस

अक्षय्य तृतीयेच्या, आखाजीच्या सकाळी दुर्गाबाईंनी नवी घागर भरली, तिच्यावर खरबुजाचं डांगर ठेवलं, आणि पदर खोचून खलबत्ता पुढे ओढला. खलात कॉफीच्या भाजलेल्या बिया होत्या, लेकीनं पुण्याहून पाठवलेल्या. ठोक्याला ठोका लागला तशी जुनी सवय ओठांवर आली.

आखाजीची घागर, तिच्यावर डांगर,
वाट पाहे घर, येणाऱ्याची.

येणारे म्हणजे नत्थुजी, त्यांचे मालक. दिवाळीच्या तोंडावर गेले. ही त्यांची पहिली आखाजी. आज पितरांच्या पानावर त्यांच्या आवडीचं वाढायचं आणि त्यातलं थोडंथोडं निखाऱ्यावर टाकायचं, म्हणजे आगारी. पुरणपोळी झाली होती, रस झाला होता, कुरडया तळून ठेवल्या होत्या. एकच राहिलं होतं.

जन्मभर एसटी हाकलेल्या या माणसानं दारूला कधी बोट लावलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात पुण्याला लेकीनं, आचलनं, कॉफी अन् वोडका बर्फात घुसळून पेला पुढे केला, आणि लेकीचं मन मोडवेना म्हणून त्यांनी तोंडाला लावला. मिशीवर फेस बसला. आरशात स्वतःला पाहून ते असे हसले, की डोळ्यांना धारा लागल्या. अमरावतीला गेलो की घरी करू, म्हणाले. घरी आले ते दुखणं घेऊन. करायचं राहूनच गेलं. ते आज होणार होतं, पान वाढायच्या आत, दुर्गाबाईंच्या हातानं.

अकोटहून आलेल्या नणंदेनं, शकुननं, ओट्यावरची वोडकाची बाटली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, माह्या दादाले मेल्यावर दारुडा ठरवता का?"

दुर्गाबाईंनी पुण्याची सगळी हकीगत सांगितली. शकुनला ती पटली नाही. तो पेला पानावर आला तर मी आगारीले हात लावणार नाही, असं तिनं बजावलं आणि चुलीपाशी पाठ करून बसली.

"नका लावू," दुर्गाबाई म्हणाल्या. "पान त्याइचं हाय."

कॉफी उकळली, फडक्यातून गाळली. साखरेचा पाक तयार होता. नत्थुजींची ड्युटीवरची स्टीलची बाटली घेतली, तिच्यात कॉफी, पाक, वोडका, बर्फ, आणि वरून दूध. दूध कोणी सांगितलं नव्हतं, हातच गेला. तेराव्यापर्यंत या घरानं कोरा चहा प्यायला होता. सुतक फिटलं त्या दिवशी दूध आलं, आणि तेव्हापासून दुधाशिवाय कप भरला नव्हता. सणाच्या दिवशी कोरं कसं करायचं?

बाटली हलवली. अर्धं झाकणातून पदरावर आलं. उरलेलं पेल्यात ओतलं तर पांढुरकं, पातळ. साबणासारखे चार बुडबुडे उठले आणि विझले.

"ताक झालं," शकुन पाठमोरीच म्हणाली.

दुर्गाबाईंनी आचलला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुधाचं कळल्यावर हळूच म्हणाली, "आई, कोरीच लागते. दुधानं तो फेस येत नाही."

फोन ठेवून दुर्गाबाई घागरीकडे पाहत उभ्या राहिल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. शेवटच्या ट्रेतल्या बर्फाला पाणी सुटायला लागलं होतं. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या, "कोरं पेलो ते आपल्या दुःखानं. हे तर त्याइच्या हौसेचं हाय." आणि दुधाचं पातेलं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं.

पुन्हा खल, पुन्हा फडकं. कॉफी माठाच्या पाण्यात धरून निववली. बाटली भरली आणि दोन्ही हातांनी धरून हलवायला लागल्या, अकोटच्या खड्ड्यांतून गाडी जावी तशी. तळवे बधिर झाले, खांदा भरून आला, तरी हात थांबेना.

शकुन कधी वळून बसली होती, कळलंच नाही.

"झाकण दाबून धरा," ती म्हणाली. "दादाची बाटली पहिल्यापासून गळे." आणि उठून तिनं आपला तळवा झाकणावर ठेवला. मग चार हात हलले.

आइस्क्रीमच्या काचेच्या पेल्यात ओतलं. खाली काळ्या रानासारखी कॉफी, वर तांबूस, जाड फेस. दुर्गाबाईंनी कॉफीच्या तीन बिया अलगद सोडल्या. बुडाल्या नाहीत.

शकुननं त्याच ओल्या हातानं तोंडावरचा घाम पुसला. झाकणातून आलेला फेस तिच्या वरच्या ओठावर बसला. नाक भावाचं, जिवणी भावाची. दुर्गाबाई पाहतच राहिल्या.

"काय झालं?" शकुन म्हणाली, आणि पदर ओठाकडे नेऊ लागली.

"पुसू नका," दुर्गाबाईंनी तिचा हात धरला. "आगारी होऊ द्या."

पान वाढलं. पेला पानावर बसला. शकुननं चमचा उचलला, फेसासकट भरला, आणि निखाऱ्यावर धरला. चर्र झालं. घरभर कॉफीचा वास पसरला.