थेंब आणि थर

अहवालाखाली आपलं नाव पाहिलं आणि सुलेखाच्या मस्तकात तिडीक गेली.

चिकलठाण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत ती खडक तपासायची. वैजापूरकडची, काळ्या कातळाच्या मुलखात वाढलेली. पण सगळी नोकरी वाळूच्या खडकात गेली. या वेळचे नमुने परराज्यातल्या एका खोल तेलविहिरीतून आले होते. नळीसारखे गोल, लांब तुकडे, पेट्यांमध्ये ओळीनं मांडलेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्रकिनारा होता. काठाजवळ लाटांनी वाळू घुसळून घुसळून धुतली, चिखल वाहून नेला, सारख्या आकाराचे कण तेवढे मागं ठेवले. अशा खडकात कणाकणांमध्ये मोकळी जागा राहते आणि तेल त्या जागेत साठतं. पण आत, खोल पाण्यात लाटांचं बळ पोचलं नव्हतं. तिथं वाळूत गाळ मिसळला, किड्यांनी बिळं पाडून सगळं कालवून टाकलं. काही थर तर पुढं चुन्यानं असे सांधले गेले, की सिमेंट ओतलंय म्हणावं. सुलेखानं हे सगळे थर वेगवेगळे दाखवले होते. अहवालात मात्र छापलं होतं : ‘संपूर्ण खडक एकसारखा, साठ्यासाठी उत्तम.’

ती तडक मालकांच्या, इंद्रजीत सरांच्या केबिनमध्ये शिरली.

“सर, हे मी लिहिलेलं नाय.”

“सरासरी काढलीय, मॅडम.”

“खालचे, गाळाच्या थरांचे नमुने वगळून? निवडून चांगलेच घेतले तर सरासरी चांगलीच येणार की!”

“गिऱ्हाइकाला चांगलं ऐकायचंय. उद्या तेल कमी निघालं तर खडकाला कोण जाब विचारतंय?”

“मला विचारतील. खाली नाव माझंय.”

“म्हणूनच तर टाकलंय. तुमच्या नावावर लोक डोळे झाकून भरवसा ठेवतात.” सर हे कौतुकानं बोलले, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. आयुष्यभर जपलेलं नाव यांनी वेष्टनासारखं वापरलं होतं.

दुपारी तेल कंपनीच्या मोनिका साळुंके आल्या. टेबलावर वरच्या थरांच्या पेट्या मांडलेल्या होत्या. सर बोलत होते, साळुंके मान डोलवत होत्या. सुलेखा पुढं झाली. तिनं एका तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडला. खडकानं तो पडताक्षणी पिऊन टाकला.

“वा!” साळुंके म्हणाल्या.

“थांबा जरा.” कोपऱ्यात सरकवलेली पेटी सुलेखानं स्वतः ओढत आणली. त्यातल्या तुकड्यावर थेंब टाकला. तो मण्यासारखा तसाच बसून राहिला. दुसऱ्यावरही तेच.

“हेही त्याच विहिरीतलं?”

“व्हय. वरच्याच्या खालोखाल. यातून तेल वाहायचं नाय.”

“मॅडम, थेंबावरून काय ठरतं?” सर हसले.

“थेंबावरून ठरत नाय, सर. म्हणून तर मी मापं घेतली होती. तीच तुम्ही काढून टाकली!”

साळुंकेंनी अहवाल मिटला. पुढच्या विहिरीचं काम तूर्त थांबवते, एवढंच त्या म्हणाल्या. संध्याकाळी सरांनी सुलेखाला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तिनं पांढरा कोट काढून त्यांच्याच टेबलावर टाकला.

पुढं साळुंकेंनी सगळे नमुने दुसरीकडं तपासून घेतले. सुलेखाचंच खरं निघालं. नवं काम घ्याल का, असा त्यांचा फोन आला, तेव्हा तिनं एकच अट घातली : माझ्या नावावरच्या मजकुरातला शब्दही बदलायचा नाय. त्यांनी ती मानली.

एवढ्यावर तिचा राग निवलाही असता. पण थंडीच्या दिवसांत शहरात एक परिषद भरली, आणि व्यासपीठावर इंद्रजीत सर! विषय काय, तर जुन्या किनाऱ्यांच्या खडकातले थर वेगळे का ओळखावेत. पडद्यावर एकामागून एक फोटो येत होते. सगळे सुलेखानं काढलेले.

ती मागच्या रांगेतून उठली. “हे फोटो कुणाचे, तेवढं सांगा.”

सरांनी पुढचा फोटो लावला. “आमच्या टीमचे.”

“टीममधल्या माणसांना नावं असतात, सर.”

सभागृहात चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, “बाई, प्रश्न शेवटी विचारा, बसून घ्या.”

सुलेखा बसली नाही.