पाण्याचा तराजू

जर्मन-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत तिच्या वाट्याला पहिलीच नोंद आली होती : 'वासरवागे'. वासर म्हणजे पाणी, वागे म्हणजे तराजू. अर्थ, गवंड्याची पाणसळ, म्हणजे पातळी सरळ आहे का ते पाहायचं साधन.

संपादकबाईंनी कागद परत सरकवला. "पाणी समजलं. पण तराजू कशाला? तोललंय काय त्यात? चारपर्यंत उलगडा करा, नाहीतर व्युत्पत्ती गाळू."

व्युत्पत्ती गळली की त्या मजकुराखाली छापलं जाणारं तिचं स्वतःचं नावही गळणार! जेवणाच्या सुट्टीत ती तडक बाबांच्या बांधकामावर गेली; बाबा गवंडी होते.

"हाकललं की काय गं?" थापी धूत बाबांनी विचारलं. तिनं अडचण सांगितली. बाबांनी आपली पाणसळ, पाणी भरलेली पारदर्शक नळी, उचलली, एक टोक तिच्या हाती दिलं, दुसरं घेऊन पलीकडच्या भिंतीशी गेले. "बघ, पाणी भिंतीवरच्या खुणेवर आहे?"

"बाबा, चार बोटं खाली! तुमची खूण चुकली!"

"मिस्त्री, लेकीनं भिंत पाडली की तुमची!" जोडीदार गवंडी खदखदला.

"अंगठा काढ आधी, शहाणे! तोंड दाबल्यावर पाणी बोलेल कसं?"

तिनं अंगठा काढला. पाणी डुचमळलं, चढलं, उतरलं, आणि दोन्हीकडे बरोबर खुणेवर येऊन निवांत झालं.

"ही दोन टोकं म्हणजे दोन पारडी," बाबा म्हणाले. "इकडचं पाणी तिकडच्याला तोलतं. दोघांचं पटलं की रेघ आडवी."

तिला एकदम आठवलं. जर्मनमध्ये आडव्या रेघेला 'वागेरेश्ट' म्हणतात; त्या नावातही हाच 'वागे', हाच तराजू होता. रोज वाचूनही दिसला नव्हता.

पावणेचारला बाईंनी नवा कागद वाचला. "झकास. पण संदर्भात हे काय? दोन कोश आणि... 'प्रात्यक्षिक : माझे वडील, गवंडी, बत्तीस वर्षांचा अनुभव'? कोशात कुणी वडील लिहितं का?"

"मग नुसतं गवंडी लिहा. जागा नसेल तर माझं नाव काढा, बाई. त्यांचा उल्लेख राहू दे."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग 'माझे वडील' एवढंच खोडलं आणि पेन तसंच उघडं धरलं.

"पूर्ण नाव सांगा त्यांचं."

तिनं सांगितलं, आडनावासकट, इतकं खणखणीत की पलीकडच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या.