कात्रीला पिल्लं होत नाहीत

मुलांनो, घटकाभर समजा की तुम्ही तिबिलिसी नावाच्या दूरदेशीच्या शहरातली नऊ वर्षांची नुत्सा आहात. फ्रिजमधून मात्सोनीचं, म्हणजे दह्याचं भांडं काढताना तुमच्या कोपराने एक इवलीशी बाटली कलंडली. आजोबांचं औषध अर्धंअधिक फरशीवर सांडलं. कोणी पाहिलं नाही. आता काय कराल?

नुत्साने फरशी पुसली आणि बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरलं.

तिला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. तिथे पोट बिघडलं की घराघरात फाज पाजतात. फाज म्हणजे जंतूंना मारणारा विषाणू. तिचे आजोबा, बाबुआ शाक्रो, नेहमी म्हणत, "थेंबभर पुरे. जंतू मिळाले की तो आपला आपण वाढतो, विरजणासारखा." चमचाभर विरजणाने पातेलंभर मात्सोनी लागतं, मग अर्ध्या बाटलीला काय धाड भरली?

बाबुआंना मधुमेह होता आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम कुठल्याही गोळीला दाद देत नव्हती. लामारा मावशी प्रयोगशाळेत कामाला होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रोज संध्याकाळी येऊन हे नवं औषध जखमेवर घालायची. जखम भरत आली होती. पण बाटलीत पाणी पडल्यावर काही दिवसांतच ती पुन्हा चिघळली.

"बाबा, चोरून गोड खाता ना?" पट्टी सोडताना मावशीने विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझाच विषाणू आळशी. आमच्या वेळचे कसे कामसू होते."

"यात विषाणू नाहीच मुळी. जंतूच्या पोटात वाढून बाहेर पडताना तो त्याची भिंत कापतो ना? ती कापायची कात्री तेवढी आम्ही काढून घेतलीय."

"मग ती वाढत नाही?" नुत्साने हळूच विचारलं.

"कात्रीला पिल्लं होतात का गं, वेडाबाई? घालू तेवढीच कापणार."

नुत्साने औषधाच्या बाटलीकडे पाहिलं.

मावशीने नवी पट्टी बांधली. "उद्या डॉक्टरांना सांगते, औषध लागू पडत नाही. अंगठा काढावा लागेल, बाबा. माझ्याच हातून बाटली भरताना काही चुकलं असेल."

"काढा की," बाबुआ हसले. "आपल्या रीतीप्रमाणे लग्नात पायाच्या अंगठ्यांवर नाचायचं वय गेलंच माझं." पण चादर त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

मावशी जिन्यात पोचली तेव्हा नुत्सा मागून धावत गेली.

"मावशी, ते सांडलं होतं. मी पाणी घातलं. मला वाटलं, वाढेल."

मावशी पायरीवरच बसली. रागावली असती तर नुत्साला बरं वाटलं असतं.

"उद्या नवी बाटली आणते," ती म्हणाली. "डॉक्टरांनाही थोडं थांबायला सांगते. पण बाबांना मी काही सांगणार नाही."

"तूच सांग ना."

"पाय माझा नाही आणि चूकही माझी नाही."

मावशी खाली उतरून गेली. आत रेडिओ चालू होता. बाबुआंना झोप लागलेली असू दे, असं नुत्साला फार वाटलं. पण ते गाण्यावर बोटांनी ठेका धरत होते.

तिने रेडिओ बंद केला, खुर्ची ओढून त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाजवळ बसली आणि भांडं काढण्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.