हेडविगबाईंचा कागद

गावचा कारभारी हॅगलुंड आला तेव्हा हेडविग वेलदोड्याचे पाव भट्टीतून काढत होती. गावसभेच्या आदल्या दिवशी तो दरवर्षी यायचा, कॉफी प्यायचा आणि तिची सही घेऊन जायचा. साल अठराशे अठ्ठ्याण्णव, स्वीडनमधलं स्मोलांड. गावचा कारभार मतांनी चाले. फक्त ज्याची जमीन जास्त, त्याची मतंही जास्त. भूमिहीनाला मत नाही आणि विधवेला मात्र आहे. हेडविगची दोनशे दहा होती. पण विधवेनं सभेत जायचं म्हणजे अगदीच आगाऊपणा! म्हणून ती अकरा वर्षं आपली मतं कागदावर लिहून हॅगलुंडच्या स्वाधीन करत होती. आणि याला सगळं गाव मर्यादा म्हणत होतं.

"काय काय आहे उद्या?" तिनं सहज विचारलं.

"नेहमीचंच, वहिनी. रस्ता, चर्चचं छप्पर, गरिबांचा लिलाव. यंदा सात जण आहेत. सान्ना म्हातारीही आहे."

हेडविगच्या हातातला पाव खाली पडला. आई गेल्यावर तिला वाढवलं ते या सान्ना मावशीनं.

"ती तर ओल्सनकडे सुखात आहे ना?"

"ओल्सनलाही लिलावातच दिली होती. जो गावाकडून सगळ्यांत कमी पैसे मागेल, त्यानं वर्षभर पोसायचं. यंदा त्याच्याहून कमी मागणारा भेटलाय. तो शाळामास्तर म्हणतोय लिलाव बंद करा, गरिबांसाठी घर बांधा. म्हणणाऱ्याचं काय जातंय?"

"मावशीला मी घेऊन येते."

"आणा की. आणि उरलेले सहा? त्यांनाही आणणार? सही करा, वहिनी. उगीच कशाला डोक्याला ताप?"

तिनं लेखणी उचलली, खाली ठेवली. "उद्या मीच येते, भाऊजी."

हॅगलुंड हसला. ती खरोखरच येईल असं त्याला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात शिरली, तशी कुजबुज सुरू झाली. "घरात चूल विझली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. ती मास्तरांशेजारी जाऊन बसली. भिंतीलगतच्या बाकावर ते सात जण धुतलेल्या कपड्यांत बसले होते. सान्नानं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मतं मोजली. हेडविगची दोनशे दहा मास्तरांच्या बाजूला पडली, तरी लिलाव बंद करण्याचा ठराव नव्वद मतांनी पडला. हॅगलुंडच्या हातात चार कागद होते. चारही विधवांचे. त्यांची बेरीज नव्वदीच्या कितीतरी पुढे जात होती, आणि त्या चौघी त्या वेळी आपापल्या घरी सूत कातत होत्या.

मग लिलाव झाला. सान्नाचं नाव पुकारल्यावर हेडविग उभी राहिली. "मला गावाकडून काही नको," ती म्हणाली. त्याच्या खाली कोण जाणार? बाकीचे सहा मात्र दिले गेले. सात वर्षांची आल्मा गुरं राखायला माणूस हवा असलेल्या एकाकडे गेली. तिनं जाताना सगळ्यांना गुडघे वाकवून नमस्कार केला, तसं तिला शिकवलं होतं.

परतताना स्लेजमध्ये, त्या बर्फावरच्या घसरगाडीत, सान्नानं घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

"ओल्सनकडे गोठ्यात निजायचे मी," ती म्हणाली. "हॅगलुंडनं सभेत तुझा कागद वाचून दाखवला होता गेल्या साली. म्हटलं, हेडीला ठाऊक असेल."

"नव्हतं गं, मावशी. देवाशपथ नव्हतं."

"विचारायचं होतंस, पोरी."

हेडविगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिला लाज वाटत होती. घराचं वळण आलं. तिनं घोडा सरळ पुढे काढला, तो एल्विराच्या दारात थांबवला. एल्विरा त्या चौघींपैकी एक.

"एल्विरा, काल तू हॅगलुंडला कागद दिलास. कशाकरता दिलास?"

"मला काय ठाऊक बाई? ते पुरुषांचं काम."

"मीही अकरा वर्षं हेच म्हणत होते. शाल घे आणि बाहेर ये. आपण दोघींनी काय केलंय, ते स्लेजमध्ये बसलंय."