पिना मारलेले नववे प्रकरण

मी एक कादंबरी बोलतेय. एकशे बारा पानांची, किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली. कुपवाडच्या एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला आणि कडेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या कपाटात माझे आयुष्य गेले.

माझ्यात चौदा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट आहे. तिचा गाण्याचा शिक्षक तिच्याशी नको तसे वागतो. आठ प्रकरणे ती गप्प राहते. नवव्यात ती मावशीला सारे सांगते आणि मावशी तिच्यावर विश्वास ठेवते. मी प्रत्येक वयाला योग्य आहे, असा माझा दावा नाही. सहावीतल्या शिवतेजने दोन प्रकरणे वाचून मला परत केले. त्याला भीती वाटली होती. त्याचे बरोबरच होते.

मला किळस आली ती शाळा समितीची. एका पालकाच्या तक्रारीवरून मला बैठकीत ठेवले गेले. पहिले पान कोणीही उघडले नाही. नववे प्रकरण मात्र तंबाखू मळलेल्या अंगठ्यांखालून हातोहात फिरले.

"लय घाण हाय," अध्यक्ष रामगोंडा अण्णा म्हणाले. "पोरींच्या हातात हे द्यायचं?"

"मग आवं अण्णा, तुमी तिसऱ्यांदा कशाला उघडलंय?" समितीतल्या धनाजीने विचारले.

"तपासाय नको व्हय रं?"

सारे हसले. ते हसणे त्या अंगठ्यांहून ओंगळ होते.

नववे प्रकरण बंद करावे, असा ठराव झाला. ग्रंथालय सांभाळणाऱ्या गुणमाला मॅडमनी त्या पानांच्या तिन्ही कडांना स्टेपलरच्या पिना मारल्या. त्यांनीही मला वाचले नव्हते. अशा रीतीने माझ्यातली भीती तेवढी उघडी राहिली आणि सुटका बंद झाली.

जुलैत नववीतल्या राणीने मला घरी नेले. चौथ्या दिवशी ती मला छातीशी धरून मॅडमपुढे उभी राहिली.

"मॅडम, ती सांगती का कुणाला?"

"कोण गं?"

"ह्यातली पोरगी. पुढची पानं बंद हायत."

"गोष्टच हाय ती. तुला काय करायचंय?"

राणी हलली नाही. "सांगितल्यावर तिलाच मारत्यात का, तेवढंच बघून सांगा."

मॅडमनी पट्टीच्या टोकाने एकेक पिन उचकटली आणि उभ्यानेच ते प्रकरण वाचून काढले.

"न्हाई मारत," त्या हळू म्हणाल्या. "तुझं काय झालंय, राणी?"

"नाथाजीमामाच्या गाडीत पुढं बसायचं न्हाई मला."

नाथाजी हा शाळेच्या गाडीचा चालक. तो तिला रोज स्वतःशेजारी बसवीत असे. पुढचे तिने खाली मान घालून सांगितले. ते मी इथे उघड करणार नाही.

मॅडमनी समितीकडे लेखी तक्रार दिली. पुन्हा बैठक झाली. टेबलावर मला ठेवले होते. नाथाजीला बोलावलेही नव्हते.

"ह्या पुस्तकानंच पोरीच्या डोक्यात भरवलं," अण्णा म्हणाले.

"गाडी पुस्तक चालवत न्हवतं, अण्णा," मॅडम म्हणाल्या.

त्यावर कोणी हसले नाही. ठराव मात्र झाला. नाथाजीला तोंडी समज द्यावी, त्याच्या गाडीचा मार्ग बदलावा आणि मला ग्रंथालयातून काढून टाकावे.

आता मी जिन्याखालच्या रद्दीत पडून आहे. राणी एसटीने येते. मॅडम आज तिच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या आहेत. तिथे काय झाले, ते मला अजून कळलेले नाही.

नाथाजीची गाडी आता दुसऱ्या गावाहून येते. तीत पाचवीच्या मुली बसतात. मला जाळा, हवे तर. माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी त्या मुली घरी उतरल्या, की पुढच्या सीटवर कोण बसले होते, एवढे त्यांना विचारा.