पहिला प्रश्न कुणी विचारायचा

विभागात तिला सगळे ताई म्हणत. पीएचडीचं सातवं वर्ष चालू असलेल्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? बरोबरचे कधीच मार्गी लागले. त्यांतला एक तर आता विभागात शिकवत होता, आणि तोही ताईच म्हणायचा.

संशोधक विद्यार्थ्यांची दोन दिवसांची परिषद दरवर्षी तिच्याच गळ्यात पडे. यंदा मात्र तिने स्वतःचाही शोधनिबंध ठेवला होता. विभागप्रमुख हेच तिचे मार्गदर्शक, आणि तिची मुदत महिन्याभरात संपत होती. "निबंध वाच," ते म्हणाले होते. "चर्चा कशी होते बघू. लोकांना विषयात काही दिसलं तर एक वर्ष वाढवून देतो. नाहीतर आपण इथेच थांबू." यातलं 'आपण' म्हणजे एकटी ती, एवढं तिला कळत होतं.

विषय घरचाच होता. तिच्या सासूसासऱ्यांत अकरा वर्षांचा अबोला. एकाच टेबलाशी बसून "आजोबांना सांग, चहा निवतोय" आणि "आजीला सांग, साखर कमी आहे" असा सगळा कारभार नातीमार्फत चाले. तिसऱ्याच्या तोंडून बोलली जाणारी अशी वाक्यं ताईने चाळीस घरांतून गोळा केली होती. सासूबाईंनी तर रेकॉर्डर स्वतःकडे ओढून घेतला आणि नातीकरवी सासऱ्यांना निरोप धाडला, की जरा मोठ्याने बोला म्हणावं, यंत्राला ऐकू जात नाही.

परिषदेची एक न लिहिलेली रीत होती. निबंध वाचून झाला की लोक मख्ख बसतात आणि वाचणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणून आयोजकाने प्रत्येक निबंधाचा पहिला प्रश्न एकेकाला आधीच नेमून द्यायचा. एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांना कंठ फुटतो. ताईने आठवडाभर बसून छत्तीस चिठ्ठ्या लिहिल्या. प्रश्न निबंधाला शोभेल असा हवा, फार अवघड नको, आणि विचारणारा त्या वेळी जागा असण्याची शक्यता हवी.

दोन दिवस ती नुसती पळत होती. माइक घरघरायचा, पडद्यावर चित्र उलटं यायचं, कुणाची बस चुकणार म्हणून त्याचा निबंध आधी घ्यावा लागायचा. दर वेळी मागे सरकवायला तिचाच निबंध हाताशी होता. सरकत सरकत तो दुसऱ्या दिवशीच्या साडेपाचला, अगदी शेवटी जाऊन बसला.

ती उभी राहिली तेव्हा खोलीत सतरा माणसं होती आणि मागच्या रांगेत विभागप्रमुख. पायांचे तुकडे पडले होते, पण आवाज बरा लागला. साखरेच्या वाक्याला दोघंतिघं हसलेही. जमतंय, असं तिला वाटलं. कागद खाली ठेवून तिने सवयीने समोर चिठ्ठीवाला शोधला, आणि मग तिला आठवलं. निबंध सदतीस होते. स्वतःची चिठ्ठी तिने लिहिलीच नव्हती.

कुणाला काही विचारायचंय का, असं सत्राच्या अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. लोक दमले असतील. किंवा चिठ्ठीशिवायही विचारता येतं हे विसरले असतील. किंवा निबंधात काही नसेलच. हे तिसरं तिला झोंबलं. शेवटी एक हात वर झाला.

"ताई, प्रमाणपत्रं कुठे मिळतील?"

खाली, दाराजवळच्या टेबलावर, आधी सही करायची, असं तिने सांगितलं. लोक उठले.

विभागप्रमुख पुढे आले. निबंध ठीक होता म्हणाले, आणि नजर खोलीभर फिरवली. "पण आयोजन! एक मिनिट इकडचं तिकडे नाही. पुढच्या वर्षी याच्या दुप्पट परिषद घ्यायची आहे. तुझ्याशिवाय कोण करणार? वर्ष वाढवून देतो. उद्या अर्ज टाक."

"हो सर," ती म्हणाली, आणि जवळच्या खुर्चीत बसली. तिला हायसं वाटलं होतं, अगदी मनापासून. सात वर्षांच्या कामाबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं आणि तरी हायसं वाटलं होतं, याची तिला इतकी लाज वाटली की खोली रिकामी झाली तरी तिला उठवेना.