कितव्या पायरीवरून?

आदळण्याच्या शास्त्रात माझी तीस वर्षं गेली. प्रयोगशाळेत हेल्मेटवर पोलादी गोळा पाडायचा आणि विद्यार्थ्यांवर खेकसायचं, "गाढवांनो, आधी उंची लिहा, मग तुकडे उचला!"

एकदा माळ्यावरची बॅग काढताना बायको शिडीवरून पडली. मी धावत गेलो आणि दारातच थबकून विचारलं, "कितव्या पायरीवरून?"

ती भिंतीला धरून स्वतःच उठली.

"तिसऱ्या," ती म्हणाली. "घ्या लिहून."

निवृत्तीच्या समारंभात हा किस्सा मीच रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले, ती सोडून.

काल बाथरूममध्ये धप्पकन आवाज झाला. या वेळी काही न विचारता धावलो. पण तोवर आतून तिने हाक मारली होती, शेजारच्या वहिनींना.